पुरात शहर बुडालं, तरी रेडिओ बोलत राहिला. कसा?

२६ जुलै २००५ ची रात्र मुंबई, ठाणे, रायगडच्या घरांत आजही आठवली जाते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. फोन लागत नव्हते. कामावर गेलेला माणूस कुठे आहे याची खबर कित्येक घरांना दुसऱ्या दिवशी मिळाली. त्याला पाच आठवडेही पुरे झाले नव्हते, तोच २९ ऑगस्टला अमेरिकेत कॅटरिना हे चक्रीवादळ लुईझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्स शहराचे पाणी अडवणारे बांध फुटले आणि जवळजवळ ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं.

जगातला सगळ्यात श्रीमंत देश, पण त्या आठवड्यात तिथेही फोन मेले होते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नेमलेल्या समितीने नंतर हिशेब मांडला. ३० लाखांहून जास्त फोन लाईनी बंद पडल्या होत्या आणि एक हजाराहून जास्त मोबाईल टॉवर गप्प झाले होते. आपल्याकडे जसा ११२ नंबर आहे तशी तिथे ९११ ची केंद्रं असतात. त्यातली ३८ केंद्रं बंद होती. न्यू ऑर्लिन्स आणि आसपास ४१ रेडिओ केंद्रं होती. वादळानंतर त्यातली फक्त चार हवेत राहिली, दोन एएम आणि दोन एफएम.

४१ पैकी ४. त्या चारांना काय जमलं आणि बाकीच्यांना का नाही, हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे. विशेषतः कोकणातल्या आपल्या माणसांच्या, कारण जून २०२० चं निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर अजून ताजे आहेत.

आधी रेडिओ केंद्र म्हणजे नेमकं काय ते बघू. मुलांना शिकवताना मी मशिदीच्या मायकचं उदाहरण देते. मोअज्जिन खाली खोलीत मायकसमोर उभा असतो. त्याचा आवाज तारेतून वर जातो आणि मिनारावरच्या भोंग्यातून मोहल्लाभर पसरतो. माणूस एका जागी, भोंगा दुसऱ्या जागी, मधे तार, आणि या सगळ्याला लागणारी वीज. यातली एक गोष्ट गेली की अजान बाहेर ऐकू येत नाही. रेडिओचं तसंच आहे. निवेदक बसतो तो स्टुडिओ बहुतेक वेळा शहराच्या मध्यभागी असतो. लहरी सोडणारा ट्रान्समीटर आणि त्याचा उंच मनोरा पुष्कळदा शहराबाहेर, मोकळ्या जागेवर किंवा टेकडीवर असतो. दोघांच्या मधला दुवा टेलिफोनच्या लाईनीने, इंटरनेटने किंवा छोट्या मायक्रोवेव्ह डिशने जोडलेला असतो. लोकांना वाटतं वादळात मनोरा पडला म्हणून केंद्र बंद पडलं. मनोरा पडतोही, पण स्टुडिओत पाणी शिरलं, मधला दुवा तुटला किंवा डिझेल संपलं, यापैकी काहीही पुरेसं असतं. मनोरा धडधाकट उभा असतो आणि त्याच्याकडे बोलायला काही नसतं.

आता त्या चारांपैकी एक, डब्ल्यूडब्ल्यूएल. ८७० किलोहर्ट्झ, एएम म्हणजे आपल्या भाषेत मीडियम वेव्ह. १९२२ साली तिथल्या लोयोला विद्यापीठाने सुरू केलेलं हे जुनं केंद्र, ट्रान्समीटरची ताकद ५० हजार वॅट. स्टुडिओ शहराच्या मध्यभागी उंच इमारतीत होता. वादळ आलं तेव्हा गारलंड रॉबिनेट नावाचे निवेदक हवेत होते. वाऱ्याने स्टुडिओच्या खिडक्या फुटल्या, तेव्हा ते आतल्या अडगळीच्या खोलीत मायक घेऊन गेले आणि तिथून बोलत राहिले. ही गोष्ट अमेरिकेत फार सांगितली जाते, आणि सांगण्यासारखी आहेही. पण माझ्या मते खरं रहस्य दुसरीकडे आहे. ट्रान्समीटर मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर होता आणि तो काठ मुख्य शहरासारखा बुडाला नाही. स्टुडिओ सोडावा लागला तरी मनोरा जिवंत राहिला. मग प्रश्न उरला तो फक्त नव्या जागेवरून त्याच्यापर्यंत आवाज पोचवण्याचा. केंद्राची माणसं आधी शेजारच्या जेफरसन परगण्याच्या आपत्कालीन केंद्रात गेली आणि पुढे सुमारे १३० किलोमीटरवरच्या बॅटन रूज शहरात.

बॅटन रूजमध्ये जे झालं ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथला स्टुडिओ होता प्रतिस्पर्धी कंपनीचा. एंटरकॉम आणि क्लिअर चॅनल या दोन कंपन्या एरवी जाहिरातीच्या एकेका रुपयासाठी भांडणाऱ्या. पण एकीचा ट्रान्समीटर चालू होता आणि दुसरीकडे कोरडा स्टुडिओ होता. दोघींनी आपली केंद्रं जोडली आणि "युनायटेड रेडिओ ब्रॉडकास्टर्स ऑफ न्यू ऑर्लिन्स" या एकाच नावाने चोवीस तास एकच कार्यक्रम चालवला. निवेदकही दोन्हीकडचे. एकाच कंपनीकडे इतकी माणसं नव्हतीच, कारण निम्म्यांची स्वतःची घरं पाण्यात होती आणि बायकामुलं कुठल्या छावणीत आहेत याचा पत्ता नव्हता. आपत्तीत रेडिओ चालवणारा माणूसही आपत्तीग्रस्तच असतो, ही गोष्ट यंत्रांच्या चर्चेत विसरली जाते. त्याला झोपायला जागा, खायला दोन घास आणि घरच्यांची खबर मिळाली नाही तर तिसऱ्या दिवशी तो मायकसमोर बसू शकत नाही, ट्रान्समीटर कितीही चांगला असो.

मग हवेत काय चाललं होतं? गाणी बंद, जाहिराती बंद. फोन, आणि फक्त फोन. ज्यांचा फोन कसाबसा लागत होता ते पोटमाळ्यावरून, छपरावरून बोलत होते. रस्ता, घर नंबर, किती माणसं, त्यात म्हातारं कोण, औषध कोणाला हवं. ऐकणाऱ्यांत होड्या घेऊन निघालेले साधे लोकही होते. १ सप्टेंबरला महापौर रे नेगिन याच केंद्रावर रॉबिनेट यांच्याशी बोलले, केंद्र सरकारवर भडकले, बसगाड्या मागितल्या. ती मुलाखत देशभर वाजली.

आता विजेचा हिशेब. तो रुक्ष आहे, पण सगळं त्यावरच अडतं. ५० हजार वॅटचा एएम ट्रान्समीटर, त्याला थंड ठेवणारे पंखे, एसी आणि दिवे धरले तर ८० किलोवॅटच्या आसपास वीज लागते. डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये साधारण तीन ते चार युनिट वीज देतो. म्हणजे तासाला २० ते २५ लिटर आणि दिवसाला ५०० ते ६०० लिटर. दहा दिवस लाईट आली नाही तर पाच-सहा हजार लिटर. एवढं डिझेल टाकीत आधीपासून हवं, नाहीतर पाण्यातून टँकर यायला हवा, आणि त्या टँकरवर रुग्णालयाचा आणि पाणीपुरवठ्याचाही डोळा असतो. म्हणून शहाणी केंद्रं ताकद कमी करून बोलतात. दूरचे श्रोते सुटतात, पण डिझेल टिकतं.

जनरेटर कुठे ठेवला आहे यावरही बरंच ठरतं. न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या चॅरिटी रुग्णालयाचे जनरेटर तळघरात होते. पाणी आलं आणि तेच आधी गेले. आपल्याकडेही सोसायटीचा मीटर-रूम आणि जनरेटर तळमजल्यावरच असतो, कारण वरची जागा विकता येते. दुसरी गंमत अशी की वर्षभर न वापरलेल्या टाकीत ओल धरते, डिझेलमध्ये पाणी उतरतं, गाळणी तुंबते. गरजेच्या दिवशी जनरेटर दहा मिनिटं धडधडतो आणि बसतो. महिन्यातून एकदा तो नुसता सुरू करून बंद करणं पुरत नाही, पूर्ण भार देऊन चालवून बघावा लागतो.

मोठ्या केंद्राची गोष्ट झाली, पण छोटी केंद्रंही तगली. शेजारच्या मिसिसिपी राज्यात बे सेंट लुईस नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाजवळ कमी शक्तीचं एक एफएम केंद्र होतं. अशा केंद्रांना तिथे जास्तीत जास्त १०० वॅटची परवानगी असते, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. हॅम रेडिओची आवड असलेल्या माणसांनी ते चालवलं होतं. वादळानंतर त्यांनी आपला संच परगण्याच्या आपत्कालीन केंद्रात नेऊन लावला. पाणी कुठे वाटतात, बर्फ कुठे मिळतो, कुठला रस्ता मोकळा झाला, एवढंच ते सांगत होते, आणि लोकांना तेवढंच हवं होतं. आयोगाने त्यांना जास्त ताकदीने बोलायची तात्पुरती मुभाही दिली.

इथे छोट्याची मोठी सोय दिसते. ५० वॅटच्या संचाला लॅपटॉप आणि मिक्सर धरून दीडशे वॅट पुरतात. घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा दोन मोठ्या बॅटऱ्यांवर तो जवळजवळ एक दिवस चालतो, आणि गच्चीवर चार सोलर पॅनेल असले तर डिझेलची वाटच बघायला नको. आपल्या देशात सामुदायिक रेडिओला ५० वॅटचाच ट्रान्समीटर मिळतो. साताऱ्यात म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा बारामतीचं वसुंधरा वाहिनी ही अशी केंद्रं. त्यांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. तालुक्यातली पाणीवाटपाची जागा सांगायला तेवढा पुरतो.

पण परवानगी नावाची एक गोष्ट असते. न्यू ऑर्लिन्सहून हलवलेली हजारो माणसं ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या प्रचंड मैदानात ठेवली होती. काही तरुणांनी त्यांच्यासाठी आतच छोटं रेडिओ केंद्र चालवायचं ठरवलं. देशाच्या आयोगाने होकार दिला, पण स्थानिक अधिकाऱ्यांनी आत जागा आणि वीज दिली नाही. शेवटी मैदानाच्या पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या गाडीतून ते सुरू झालं, तोवर बरीच माणसं पुढे निघून गेली होती. याच्या उलट जपान. १९९५ च्या कोबे भूकंपापासून तिथे आपत्तीपुरतं तात्पुरतं एफएम केंद्र काढायची सोय आहे. महापालिकेने तोंडी किंवा फोनवर मागितलं तरी परवाना मिळतो, कागद नंतर. मार्च २०११ च्या सुनामीनंतर अशी सुमारे ३० केंद्रं उभी राहिली.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हवामान, रस्ते, वीज-पाणी आणि नैसर्गिक आपत्ती यांबद्दल प्रशासनाने दिलेली माहिती सांगायला त्यांना मोकळीक आहे. ती बातमी धरली जात नाही. म्हणजे प्रश्न मनाईचा नाही. तहसील कचेरीतला कोणी माणूस दर तासाला फोन उचलून ही माहिती देतो का, हा आहे.

श्रीनगरची गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमला पूर आला तेव्हा रेडिओ काश्मीरचं श्रीनगर केंद्र पाण्यात गेलं. १९४८ पासूनचं केंद्र, काश्मिरी आणि उर्दू दोन्ही भाषांत घरोघरी ऐकलं जाणारं, ते ऐन गरजेला गप्प झालं. पण त्याचा एफएम ट्रान्समीटर शंकराचार्य टेकडीवर होता. माणसं तिथे चढली, कामचलाऊ स्टुडिओ लावला आणि केंद्र परत हवेत आलं. न्यू ऑर्लिन्समध्ये नदीचा कोरडा काठ, इथे टेकडी. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक खोली, एक साधा मिक्सर, दोन मायक आणि एक कॉट कायमची ठेवली तर स्टुडिओ बुडाल्यावर धावपळ निम्म्याने कमी होते. खर्च किती? एखाद्या लग्नाच्या मांडवापेक्षा कमी.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिको बेटाची सगळी वीज घालवली आणि ९५ टक्के मोबाईल टॉवर बंद पाडले. तिथे वापा रेडिओ हे एएम केंद्र बेटभर ऐकू येत राहिलं. फोन नव्हते, म्हणून लोक चालत, गाडीने केंद्राच्या दारात यायचे आणि चिठ्ठी द्यायचे. आम्ही सुखरूप आहोत, अमक्या गावातल्या बहिणीला सांगा. निवेदक एकेक चिठ्ठी वाचायचा.

हे वाचताना मला श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडची घरं आठवतात. ३ जून २०२० नंतर तिथे वीज आणि फोन बरेच दिवस बंद होते, वरून लॉकडाऊन. घरातला कर्ता कुवेतला किंवा दुबईला, तो फोन लावून लावून थकलेला, आणि इकडे अम्मीला हे सांगायची सोय नाही की छप्पर गेलं पण माणसं सलामत आहेत. अशा वेळी नावांची यादी वाचणारा एक आवाज काय मोलाचा असतो ते वेगळं सांगायला नको.

भाषेचाही मुद्दा आहे. न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागात व्हिएतनामी लोकांची मोठी वस्ती. त्यातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी धड कळत नव्हतं. ते गाड्या घेऊन ह्यूस्टनच्या दिशेने निघाले तेव्हा रेडिओ सायगॉन ह्यूस्टन या व्हिएतनामी केंद्राने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं की अमुक बाजारसंकुलात या, तिथे आपली माणसं आहेत. आपल्या घरातली दादी शासकीय मराठीतलं "सतर्कतेचा इशारा" ऐकून उठणार नाही. "पानी चढ रहा है, ऊपर जाओ" ऐकून उठेल. स्थानिक केंद्रात अशा दोन्ही जबानी बोलणारं कोणी असावं.

आणि अफवा. कॅटरिनाच्या दिवसांत छावण्यांमधल्या खुनाखराब्याच्या भयानक बातम्या पसरल्या. महापौर आणि पोलीसप्रमुखांनीही त्या बोलून दाखवल्या. नंतर चौकशीत त्यातल्या बहुतेक खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या, पण तोवर मदतीला जाणारे घाबरून थांबले होते आणि संकटात सापडलेल्या काळ्या, गरीब माणसांनाच गुंड ठरवून झालं होतं. पुरात अडकलेल्या वस्तीचं नाव खराब करणं किती सोपं असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रेडिओवर साधा नियम हवा. कोणी सांगितलं, कुठून, किती वाजता. "असं कळतं" हे दोन शब्द हवेत जाता कामा नयेत.

आता ऐकणाऱ्याची बाजू. केंद्र हवेत राहिलं आणि घरात रेडिओच नसेल तर काय? नववीच्या वर्गात विचारलं, घरी रेडिओ कोणाकडे आहे? चाळीसात पाच हात वर आले, त्यातल्या दोघांचा बंद. मोबाईलमध्ये एफएम असतो, पण सगळ्याच फोनमध्ये चालू नसतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना तो चालू ठेवायचा सल्ला दिला, तो याच कारणासाठी. फोनमधला खरा एफएम इंटरनेटशिवाय चालतो. मात्र वायरवाला इअरफोन लावावा लागतो, कारण ती वायरच त्याची एरियल असते. ब्लूटूथवाल्यांनी एक जुना इअरफोन जपून ठेवावा. ॲपवरचा रेडिओ मात्र नेट गेलं की गेला.

सेलवर चालणारा एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्हीचा छोटा सेट घेतलेला बरा. एफएमच्या लहरी सरळ जातात, मधे डोंगर आला की अडतात, आणि कोकणात डोंगरांची काय कमी. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांब जातात, आणि रात्री आकाशातल्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात. डब्ल्यूडब्ल्यूएलचा आवाज त्यामुळेच रात्री अर्ध्या अमेरिकेत पोचत होता. आकाशवाणी एकेक करून मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर बंद करून एफएमकडे वळते आहे. खर्च आणि आवाजाचा दर्जा बघता त्यांचं म्हणणं कळतं, पण किनाऱ्यावरची केंद्रं तरी घाईने बंद करू नयेत असं मला वाटतं.

सेट घेतला तर पेन्सिल सेल त्यात घालून ठेवू नका, गळतात आणि पत्रा खातात. वेगळ्या पिशवीत, सेटला रबर लावून ठेवा. गाडीतला रेडिओही चालतो, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, धुराने जीव जातो. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवून बघा. न्यू ऑर्लिन्समध्येही बोलणं होत नव्हतं तेव्हा काही जणांचे लिखित निरोप जात होते. आणि पावसाळ्याआधी एकदा घरचा मेन स्विच बंद करून आपल्या गावात कुठलं केंद्र कुठल्या नंबरवर लागतं ते बघून सेटच्या पाठीवर लिहून ठेवा. दिवसा एकदा आणि इशानंतर एकदा, कारण मीडियम वेव्हवर दिवसा आणि रात्री वेगवेगळी केंद्रं सापडतात.